न निघालेला वरघोडा

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी धुळ्यात माझ्या भावाने दीक्षा घेतली. तो वीस वर्षांचा होता. आज्ञापत्रावर मी सही केली होती. सात माणसे हजर होती. दुपारच्या गाडीने आई आणि मी जळगावला परत आलो.

यंदा आषाढात आमच्या गल्लीतल्या स्थानकात चार साधू चातुर्मासासाठी आले आहेत. स्थानक म्हणजे आम्हा स्थानकवासी जैनांच्या साधूंची उतरण्याची जागा. तिथे मूर्ती नाही, घंटा नाही. झाडून पुसून ठेवलेली एक लांब खोली आणि बसायला लाकडी पाट. शाळेत जाताना मी तिच्या खिडकीवरून जातो. कोणीतरी काहीतरी पाठ करत असते आणि माझा चालण्याचा वेग नकळत वाढतो.

पावसाळ्याचे चार महिने हे लोक चालायचे थांबतात. का थांबतात, ते लहानपणी आईने मला अंगणात उकिडवे बसवून दाखवले होते. बोटभर ओल्या मातीत गांडुळे, मुंग्या, लाल मखमली किडे, नखाएवढ्या गोगलगाई. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून पाय ठेवायचा नाही. इतके ते सरळ आहे. साधू थांबले की घरे हलू लागतात. उपास सुरू होतात, हिरवी भाजी बंद होते, सूर्य बुडायच्या आत चूल विझते. मला हा ऋतू आवडत असे. ओल्या सरकीचा वास, जिनिंगच्या बंद पडलेल्या भोंग्यांची शांतता, घरातल्या बायकांची लवकर आटोपलेली जेवणे, आणि मग दिव्याआधीचा तो रिकामा तास, ज्यात मी वाचत बसे. आता हा ऋतू आला की मी सावध होतो. कोण कुणाकडे जातो, कोण कमी बोलू लागला, याच्याकडे माझे लक्ष जाते. आमच्याकडे लक्ष ठेवण्यासारखे आता कोणी राहिलेले नाही, तरी जाते.

आमचे घराणे मारवाडातले. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. वडील लवकर गेले. कापसाची आडत काकाजींनी सांभाळली. मला पुस्तके आवडत, म्हणून मी हायस्कुलात भूगोल शिकवू लागलो. माझे लग्न झाले आणि दीड वर्षात मी पुन्हा एकटा झालो. त्याविषयी इथे लिहायचे नाही. पुखराज माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडिलांच्या जागी मीच होतो. तो मला भाईजी म्हणे.

तो सहा फूट दोन इंच उंच होता. आमच्या घराच्या चौकटी त्याला पुरत नसत. कॉलेजात बडोद्याकडचे एक व्यायामशिक्षक आले आणि त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात काळ्या मातीवर मुरूम टाकून, दोन खांब पुरून, त्यांना फळ्या आणि लोखंडी कड्या लावल्या. जळगावात बास्केटबॉल असा आला. पहिल्या वर्षी लोक हसायला येत. दुसऱ्या वर्षी पुखराजला पाहायला येऊ लागले. बाजारातले हमालसुद्धा येत. तो उडी मारे तेव्हा वर जाऊन क्षणभर थांबे, आणि तेवढ्या क्षणात सगळे मैदान गप्प होई. मला खेळातले फारसे कळत नाही, पण ती शांतता मला कळे. पुढच्या क्षणी आरडाओरडा. मी मागे, लिंबाखाली, पुस्तक मिटून उभा असे.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मुंबईच्या एका गिरणीकडून त्याला बोलावणे आले. गिरणीचा संघ होता. नोकरी नावाची, काम खेळण्याचे. काकाजी म्हणाले, "चेंडू उडवायला माणसं ठेवतात? गिरणी बुडणार." पण पत्र त्यांनी दुकानात चार जणांना वाचून दाखवले. दिवाळीनंतर हजर व्हायचे होते.

आणि मग चातुर्मास लागला.

पहिली गोष्ट मला सांगितली ती नामदेवने. नामदेव पाटील सावद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला, पुखराजच्या संघातला आणि त्याच्या अगदी जिवातला. मी शाळेतून येताना त्याने सायकल आडवी घातली.

"मास्तर, तुमच्या भावाले काय झालं हो?"

"का?"

"मैदान झाडून राह्यला. रोज. आमच्या आधी येतो न् खराटा घेऊन बठ्ठं मैदान झाडतो, मंग खेयतो. आमी म्हनलं, लेका, तू कॉलेजात शिकतो का मुनसिपाल्टीत कामाले लागला?"

"मग तो काय म्हणाला?"

"हसला. म्हने, गांडुयं हायेत. पान्याची सुट्टी झाली तं पानी पेत नाही. दिवस बुडाला म्हने. घामानं निथयतो न् पानी पेत नाही! गिरनीवाले असा मानूस ठेवतीन का?"

नामदेवला काळजी गिरणीची होती. मला दुसरीच वाटू लागली. त्या पावसाळ्यात मी आमच्या घरातला पोलीस झालो. तो कधी उठतो, काय खातो, कुणाची पत्रे येतात. एकदा तो अंघोळीला गेला असताना मी त्याची ट्रंक उघडली. मी मास्तर आहे, मुलांना दुसऱ्याच्या दप्तराला हात लावू नये असे शिकवतो, तरी उघडली. एखाद्या मुलीचे पत्र सापडावे अशी माझी इच्छा होती. सापडले असते तर मी ते घडी करून तसेच ठेवले असते आणि निश्चिंत झोपलो असतो. ट्रंकेत गिरणीचे पत्र होते, दोन शर्ट होते आणि पाठ करायच्या सूत्रांची एक वही होती. अक्षर त्याचेच. चुका भरपूर. मी वहीतल्या चुका मोजत बसलो, आणि भान आल्यावर ट्रंक बंद केली.

दर रविवारी तो धुळ्याला जाई. धुळ्याच्या कॉलेजाशी आश्विनात सामना होता, म्हणून तिकडच्या मैदानावर सराव, असे त्याने आईला सांगितले होते. भादव्यातल्या एका रविवारी मी त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात बसलो. चाळीसगावला गाडी बदलताना खांबाआड उभा राहिलो. एकतीस वर्षांचा माणूस, हातात छत्री आणि पुस्तक, आपल्या भावाच्या मागे लपतछपत. धुळ्याला तो मैदानाकडे गेलाच नाही. स्थानकात गेला. प्रवचन चालू होते. मी दाराशी चपला काढल्या आणि मागच्या ओळीत त्याला शोधले. तो भिंतीला टेकून बसला होता आणि गाढ झोपला होता. तोंड उघडे होते.

मला केवढे बरे वाटले! ज्याला प्रवचनात झोप लागते तो काय घर सोडणार? परतीच्या गाडीत मी पुस्तक वाचले, एक पानही चुकले नाही.

पण मग संशय उलट बाजूने आला. श्रद्धा नसेल, तर हे सगळे काय आहे? गिरणीला जायची भीती? मुंबईत त्याच्याहून उंच माणसे असतील, त्याच्याहून चांगली खेळणारी. जळगावात तो एकटाच होता. तिथे बाकावर बसावे लागेल, त्यापेक्षा पाटावर बसलेले बरे, असे तर नसेल? हे वाक्य मला इतके पटले की मी ते दोन-तीनदा मनाशी म्हटले.

आश्विनातला सामना जळगावात झाला. आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती. मुरूम काळ्या मातीत बसला होता, चामड्याचा चेंडू ओला होऊन जड झाला होता, आणि आपटला की धप् असा बसका आवाज येई. पुखराजने सकाळीच मैदान झाडले होते. धुळ्याकडून गाडीभर माणसे आली होती. शेवटच्या मिनिटाला धुळे एका गुणाने पुढे होते. चेंडू पुखराजच्या हातात आला. कडी समोर, मध्ये कोणी नाही. लोक त्याच्या नावाने ओरडत होते, माझ्या शेजारचा म्हातारा हमालही. त्याने उडी मारली नाही. तो उभा राहिला, आणि चेंडू नामदेवकडे दिला. नामदेवला ते अपेक्षित नव्हते. चेंडू फळीला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली.

लोक त्याला बोलले नाहीत असे काही उरले नाही. नामदेव खांबाला टेकून रडत होता. "मले कायले दिला? मले कायले दिला बे?" एवढेच म्हणत होता.

घरी येताना मी विचारले, "घाबरलास?"

"नाही."

"मग?"

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "सगळे माझं नाव घेत होते, भाईजी. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की भीती वाटली."

"म्हणजे घाबरलासच."

"तसं नाही."

"तसंच."

ते वाक्य त्याने आधी जुळवून ठेवले असावे, असे मला त्या वेळी वाटले. वहीत लिहून पाठ केले असेल. आज मी ते वाक्य लिहिताना शब्द बदलत नाही, कारण त्यात बदलण्यासारखे काही सापडत नाही.

आठ दिवसांनी त्याने आईसमोर मला सांगितले की त्याला दीक्षा घ्यायची आहे. आई निवडत होती ती डाळ निवडत राहिली. आमच्यात घरच्या वडीलधाऱ्याने लेखी आज्ञा दिल्याशिवाय कोणताही साधू कोणालाही दीक्षा देत नाही. तो कागद म्हणजे घराने सोडलेला हात. तो माझा हात होता.

मी सही देणार नव्हतो. मी आधी त्या म्हाताऱ्याला पकडणार होतो, ज्याने माझ्या भावाला भुलवले. सुट्टी घेऊन धुळ्याला गेलो. मोठे महाराज सत्तरीच्या पुढचे होते, पाटावर बसून पात्र पुसत होते. तोंडावर पांढरी पट्टी. पट्टी असलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत; नुसत्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे मला कधीच ठरवता आलेले नाही.

"मी पुखराजचा भाऊ."

"माहीत आहे. भादव्यात दाराशी उभे होता. झोपलेल्या भावाला पाहून गेलात."

मी खजील झालो, आणि म्हणून जास्त चढ्या आवाजात बोललो. "तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"तीनदा 'नाही' म्हणून सांगितलं, मास्तरजी. चौथ्यांदा सांगायचं होतं, पण तो ऐकत नाही."

"का नाही?"

त्यांनी पात्र बाजूला ठेवले. "त्याला टाळ्या आवडतात. त्या सोडायच्या म्हणून इकडे येतो म्हणतो. पण इकडेही वरघोडा असतो, बाजा असतो, हजार माणसं जयजयकार करतात. त्यातलं काय पाहून येतो, मला दिसत नाही. तुम्ही घरचे. तुम्हाला दिसतं का?"

मी भांडायला गेलो होतो आणि माझ्यासारखाच एक माणूस मला भेटला. तेही त्याच्यावर संशय घेत होते. फरक एवढाच की त्यांनी संशय त्याच्या तोंडावर सांगितला होता.

परतताना गाडीत मला युक्ती सुचली.

वरघोडा म्हणजे मिरवणूक. दीक्षेआधी मुलाला नवरदेवासारखे सजवून घोड्यावर बसवतात. पुढे बँड, मागे गाणी म्हणणाऱ्या बायका, आणि तो दोन्ही हातांनी बदाम-खारका वाटत जातो. ज्या मुलाचे लग्न व्हायचे नाही त्याचे ते लग्न असते, आणि त्याच्या आईचाही तो एकच दिवस. माझी सही झालेली नसताना काकाजींनी बँड ठरवला होता. धरणगावच्या आत्याकडे निरोप गेला होता. वाटही आखली होती: आमच्या गल्लीतून बाजार, बाजारातून कॉलेजचे मैदान, मग स्टेशन. मैदानाची वाट लांबची होती, पण कॉलेजची मुले येऊन काकाजींच्या मागे लागली होती. इतक्या उंच मुलाची दीक्षा खानदेशात कोणी पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी पुखराजला सांगितले, "सही देतो. एक अट आहे. वरघोडा निघणार नाही. बँड नाही, पत्रिका नाही, जळगावात काहीच नाही. धुळ्याला सकाळी जायचं, पाच-सात माणसं. कबूल असेल तर सांग."

टाळ्यांसाठी जाणारा माणूस इथे अडेल, असे माझे गणित होते. आणि तो अडला. मान खाली घालून बसला. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला आनंद होत होता, हे मी लिहून ठेवतो.

मग त्याने विचारले, "मैदानापर्यंतसुद्धा नाही?"

"नाही."

"आईचं काय?"

"आईला मी समजावीन."

"बरं," तो म्हणाला. "कबूल."

मी शब्द दिला होता. सही करावी लागली. काकाजी माझ्याशी होळीपर्यंत बोलले नाहीत. आईला मी समजावले नाही. काय समजावणार होतो? तिने लाल साडी पेटीतून काढली होती, ती परत ठेवली. नामदेव घरी आला, दारातच उभा राहिला. "मास्तर, आमी सगये मैदानावर थांबनार होतो. तुमी असं कायले केलं?" धुळ्याला स्टेशनवरचा टांगेवालाही ओळखून म्हणाला, "बठ्ठं धुळं उनं आसतं, भाऊ. बाजा का बंद करा तुम्ही?" सगळे धुळे पाहायला आले असते, ही त्याची हळहळ. दोघांनाही 'साधेपणासाठी' असे सांगता आले असते. लोकांना ते पटलेही असते.

न्हाव्याने डोके केले, चार केस ठेवले, ते महाराजांनी हाताने उपटले. पुखराज पांढऱ्या कपड्यांत आला तेव्हा चादर त्याला आखूड होत होती. आईने वाकून 'मत्थएण वंदामि' म्हटले. आपल्या पोटच्या मुलाला वंदन करताना तिचा आवाज स्वच्छ होता. परतीच्या गाडीत चाळीसगावपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. वेचणी चालू होती, शेते पांढरी दिसत होती. मग म्हणाली, "माझा एक दिवस होता. तोही तू घेतलास."

तीन वर्षांनी विहार करत, म्हणजे गावोगाव पायी फिरत, साधू जळगावला आले, त्यांत तो होता. भिक्षेला आमच्या घरी आला. आईने पहाटे उठून गट्ट्याची भाजी केली होती, त्याच्या आवडीची. साधूसाठी मुद्दाम केलेले अन्न साधूला चालत नाही, हे आईला माझ्याहून जास्त माहीत. पण हाताने ऐकले नाही. त्याने पातेल्याकडे पाहून विचारले, "ही घरच्यांसाठी केली आहे?" आई पदराला हात पुसू लागली. खोटे ती बोलली नसती. मी म्हणालो, "हो. आमच्याकडे नेहमीच होते." त्याने माझ्याकडे पाहिले, अर्धी रोटी घेतली आणि गेला. भाजी त्या दिवशी कोणीच खाल्ली नाही.

दुपारी मी स्थानकात गेलो. तो एकटा होता. मला श्रावकजी म्हणाला, साधू कोणत्याही गृहस्थाला म्हणतात तसे. मी विचारणार नव्हतो, पण विचारले, "त्या दिवशी तू अडलास तो कशासाठी? बँडसाठी?"

"मैदानासाठी," तो म्हणाला. "नामदेव चेंडू घेऊन उभा राहणार होता. घोडा तिथे थांबणार होता. मी उतरतो की पुढे जातो, ते मला पाहायचं होतं. मला स्वतःला माहीत नव्हतं, श्रावकजी. कळायची तेवढी एकच जागा होती."

"म्हणजे तू उतरला असतास?"

"कळलं नाही."

"मग मला तेव्हा सांगायचं."

"तुम्ही पारखून घेत होता. मी काहीही सांगितलं असतं तरी तुम्हाला ते खोटंच वाटलं असतं." मग म्हणाला, "तुमचे उपकारच झाले."

तोंडावर पट्टी होती. तो हसत होता की नाही, मला दिसले नाही. उपकार हा शब्द त्याने खरा म्हटला की मला लागावा म्हणून, यावर मी चार वर्षे विचार केला आहे. कधी वाटते, तो सुखी होता आणि मनापासून बोलला. कधी वाटते, मी त्याच्यावर इतका पहारा ठेवला, आणि जाण्याचा रस्ता मीच झाडून साफ करून दिला.

गेल्या वैशाखात माळव्यातल्या एका गावी ज्वराने तो गेला. तिथल्या श्रावकांचे कार्ड आले. अंत समाधीत झाला, असे त्यात होते. असे नेहमीच असते. दीक्षा घेतलेल्याचे सुतक घरच्यांना आमच्याकडे मानत नाहीत. तो घरचा नसतोच. मी कार्ड आईला वाचून दाखवले. तिने सुतकाची आंघोळ केली नाही, चूल बंद ठेवली नाही. मी त्या दिवशी शाळेत जाऊन सातवीला नद्या शिकवल्या. शोक करायलाही कुणाची तरी आज्ञा लागते, आणि ती देणारा आमच्या घरात मीच होतो. मला ते धैर्य झाले नाही.

आता घरात आई आणि मी दोघेच आहोत. दिवस बुडायच्या आत जेवतो. ती मला वाढते, मी तिला पाणी देतो. त्याच्याबद्दल ती मला काही विचारत नाही. तो मैदानासाठी अडला होता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.